रक्तविकार, औषध आणि मातृत्व : सिकल सेलच्या निमित्ताने



स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना साहित्य, संगीत अथवा इतिहास ह्यांकडे मन वळावे, असे धारवाडचे वातावरणच आहे. वैद्यकातला, त्यातही गरोदरपण आणि औषधे ह्यांच्या संबंधातला विषय अशा व्यासपीठावर आणावा की नाही, ह्याचा मी थोडा विचार केला. परंतु ज्या प्रश्नाविषयी घराघरांत दबक्या आवाजात बोलले जाते, त्याची मोकळी चर्चा करण्यास शाळेसारखी दुसरी जागा नाही, असे मला वाटले.

प्रश्न असा आहे. एका तरुण स्त्रीला जन्मापासून रक्ताचा आजार आहे. रोज एक कॅप्सूल घेतल्यामुळे तिच्या वेदना कमी झाल्या आहेत, रुग्णालयाच्या वाऱ्या थांबल्या आहेत. तिचे लग्न झाले, आणि आता तिला मूल हवे आहे. कॅप्सूलच्या वेष्टनावर मात्र गरोदर स्त्रीने हे औषध घेऊ नये अशी सूचना आहे. मग तिने काय करावे? औषध बंद करावे, एवढे सोपे उत्तर कोणीही देईल. ते उत्तर चुकीचे नाही, पण ते अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

हा आजार म्हणजे सिकल सेल. आपल्या हुबळी-धारवाडच्या वैद्याला तो वरचेवर भेटत नाही. महाराष्ट्रात मात्र नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट आणि तिकडे नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात तो कित्येक कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या आहे. विदर्भात 'आमच्याकडे एएस पॅटर्न आहे', 'तिचा एसएस पॅटर्न निघाला' हे शब्द शाळा न शिकलेल्या बाईच्याही तोंडी ऐकू येतात. एएस म्हणजे वाहक, त्याला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो. एसएस म्हणजे रुग्ण. हुबळीला रेल्वेचे विभागीय मुख्यालय आहे, धारवाडला विद्यापीठ आहे, अलीकडे आयआयटीही आली आहे. नोकरीने, बदलीने, सोयरिकीने माणसे येतात आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रक्तही येते. शिवाय १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे ज्या राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला, त्यातील सतरा राज्यांत कर्नाटकही आहे. तेव्हा हा दूरदेशीचा आजार आहे, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही.

आजाराची ओळख थोडक्यात करून देतो. १९१० साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक ह्यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या विचित्र तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. विळा म्हणजे सिकल, म्हणून हे नाव. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत, आणि १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी ह्या डॉक्टरांच्या लेखातून मध्य भारतातही हा दोष असल्याचे जगाला कळले. दोष एवढासाच : हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरेच येऊन बसलेले असते. पण परिणाम मोठा. प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याच्या ताठ काड्या होतात, मऊ गोलसर पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढचा रक्तपुरवठा तुटतो. त्यातून हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते, म्हणून पंडुरोग कायमचा. हे जनुक टिकून राहिले ते वाहकांना घातक मलेरियापासून संरक्षण मिळते म्हणून. मलेरियाच्या रानात जे शहाणपणाचे ठरले, त्याची किंमत काही लेकरांनी मोजावी, असा निसर्गाचा हा व्यवहार आहे.

आता जी गोष्ट सांगतो तिच्यात आजच्या विषयाचा सगळा पेच आहे. १९४८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन ह्यांच्या लक्षात आले, की सिकल सेल घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांच्या पेशी पहिले काही महिने फारशा वाकत नाहीत. कारण आईच्या पोटात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळ्या जातीचे असते. त्याला आपण गर्भीय हिमोग्लोबिन म्हणू. ते सिकलच्या काड्या जुळू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते ओसरते आणि मग दुखणी सुरू होतात. ह्याचा अर्थ असा, की मोठेपणीही रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर राहिले तर आजार सौम्य व्हावा. भारतातील पुष्कळ रुग्णांत ते उपजतच थोडे जास्त असते. तरीही विदर्भातल्या अनेक मुलांना आजार चांगलाच छळतो.

हे निजलेले हिमोग्लोबिन पुन्हा जागे करणारे औषध म्हणजे हायड्रॉक्सियुरिया. रसायन जुने, १८६९ साली जर्मनीत बनविलेले. १९६७ पासून अमेरिकेत ते रक्ताच्या कर्करोगावर दिले जाऊ लागले. १९८४ साली सिकल सेलच्या रुग्णांत त्याने गर्भीय हिमोग्लोबिन वाढते असे दिसले, आणि १९९५ साली २१ केंद्रांतील २९९ प्रौढ रुग्णांवरील पाहणीने ते पक्के केले. ज्यांना साध्या गोळ्या दिल्या त्यांना वर्षाकाठी साधारण साडेचार वेळा कळा आल्या, ज्यांना हे औषध दिले त्यांना अडीच वेळा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या कामात आपल्याकडच्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम एवढी कमी मात्राही गुणकारी ठरल्याचे दाखविले. ५० किलो वजनाच्या बाईला ह्या हिशेबाने दिवसाला ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. औषध महाग नाही. पश्चिम महाराष्ट्रातून नंदुरबारच्या आदिवासींपर्यंत ह्या आजाराची तपासणी आणि उपचार नेणाऱ्या पुण्याच्या डॉ. सुदाम काटे ह्यांचा २०१९ साली पद्मश्रीने गौरव झाला, हेही येथे आठवावे.

म्हणजे पाहा : जे हिमोग्लोबिन गर्भाचे, तेच आईच्या शरीरात पुन्हा जागवून आपण आईला सांभाळतो, आणि तिच्या पोटी गर्भ राहण्याची वेळ आली की त्याच गर्भासाठी ते औषध तिच्या हातून काढून घेतो.

का काढून घ्यावे लागते? हायड्रॉक्सियुरिया पेशींना नवे डीएनए तयार करू देत नाही. गर्भ म्हणजे तर अष्टौप्रहर विभागणाऱ्या पेशींचा पुंजका. प्राण्यांना मोठ्या मात्रेत औषध दिले असता पिल्लांत व्यंगे आढळली आहेत. १९५७ ते १९६१ ह्या काळात थॅलिडोमाइड नावाच्या, निर्धोक म्हणून विकल्या गेलेल्या गोळीने दहा हजारांवर मुले हातापायांच्या व्यंगांसह जन्माला घातली, तेव्हापासून वैद्यक अशा बाबतीत प्राण्यांतला इशारा हसण्यावारी नेत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र माणसांत काय दिसते, हा प्रश्न वेगळा. औषध सुरू असताना अजाणता दिवस गेलेल्या ज्या स्त्रियांच्या नोंदी आहेत, त्यांच्या बाळांत व्यंगांचे प्रमाण ठळकपणे वाढलेले आढळलेले नाही. पण ह्या नोंदी थोड्या आहेत. १९९५ च्या त्या पाहणीत गरोदर स्त्रियांना घेतलेच नव्हते, आणि भाग घेणाऱ्यांना गर्भनिरोधन बंधनकारक होते. थोड्या नोंदींत धोका न दिसणे म्हणजे धोका नसणे नव्हे. त्याचबरोबर, कोणतेही औषध न घेणाऱ्या निरोगी आईच्या पोटीही शंभरांत दोन-तीन बाळे काही ना काही जन्मजात दोष घेऊन येतात. शून्य जोखमीचे गरोदरपण अस्तित्वातच नाही, हे आधी मान्य केले तरच तोलण्याला अर्थ राहतो.

आता दुसरे पारडे. ह्याच्याकडे आपले लक्ष जात नाही, कारण त्यात ठेवलेले वजन औषधाचे नसून आजाराचे असते, आणि आजाराला आपण नशीब म्हणतो. सिकल सेलच्या स्त्रीचे गरोदरपण औषधावाचूनही जोखमीचेच असते. कळा वाढतात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर. छातीत पेशी अडकून न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. रक्तदाब चढतो, रक्ताच्या गाठी होतात. वारेतून रक्तपुरवठा नीट न झाल्याने बाळाची वाढ खुंटते, ते अपुऱ्या दिवसांचे जन्मते. आईचा जीव जाण्याचा धोका इतर स्त्रियांहून पुष्कळ जास्त असतो. ज्या स्त्रीचे आजारपण औषधाने आवरलेले होते, तिचे औषध काढल्यावर हे सारे पुन्हा उंबरठ्याशी येऊन उभे राहते. बाळासाठी औषध सोडले असे आपण म्हणतो खरे, पण आईला छातीचा आजार झाला आणि रक्तातला प्राणवायू घटला, तर त्याचा पहिला फटका बाळालाच बसतो. आई विरुद्ध बाळ अशी ही लढाई मांडणेच मुळात चुकीचे आहे.

औषध केव्हा थांबवावे, ह्याविषयी ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ साली असे सांगितले, की दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधी. अमेरिकेतील औषधाच्या माहितीपत्रकात स्त्रियांनी औषध थांबविल्यावर सहा महिने आणि पुरुषांनी वर्षभर गर्भनिरोधन करावे असे म्हटले आहे. दोन देशांतले हे आकडे जुळत नाहीत, ह्यावरूनच ध्यानात यावे की हे निसर्गाचे नियम नसून सावध माणसांनी केलेले अंदाज आहेत. औषध स्वतः शरीरातून एक-दोन दिवसांतच निघून जाते. वाट पाहावयाची ती बीजपेशींसाठी. पुरुषाचे शुक्रबीज तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांच्या हिशेबाला काही आधार आहे. शिवाय गर्भाचे हृदय, मेंदू, हातपाय घडतात ते पहिल्या आठ आठवड्यांत, आणि पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत त्यांतले पहिले दिवस उलटूनही गेलेले असतात. म्हणून 'दिवस गेले की बंद करू' हे धोरण कागदावर जेवढे सोयीचे वाटते तेवढे नाही.

पण तीन महिने थांबल्यावर लगेच दिवस राहतील, ह्याची हमी कोण देणार? आठ महिने लागले, वर्ष लागले, तर तेवढा काळ ती स्त्री औषधावाचून राहते. ज्या बाईला पूर्वी वर्षातून एखाद्याच वेळी कळ येत असे, तिला हा काळ निभावता येईल. जिला औषधापूर्वी दर महिन्याला रुग्णालयात न्यावे लागत होते, जिला एकदा छातीचा आजार होऊन गेला आहे, तिला तो जड जाईल. अशा रुग्णांत औषध दिवस राहीपर्यंत चालू ठेवून लगेच थांबवावे काय, अशी चर्चा आता जाणकारांत होऊ लागली आहे. माझे स्वतःचे मत असे, की सर्वांना एकच नियम लावणे हा वैद्याचा आळस आहे. प्रत्येकीचे मागचे तीन-चार वर्षांचे आजारपण समोर ठेवून, तिच्याशी आणि तिच्या नवऱ्याशी बसून ठरवावे, आणि ठरविण्याचा शेवटचा शब्द तिचा असावा.

ह्यात एक दुखरी बाब आहे. पुष्कळ घरांत मुलीचा आजार लपवून लग्न लावतात. मग सासरी कॅप्सूल कोणी पाहील ह्या भीतीने ती पोरगी औषधच सोडते. तिने ते बाळासाठी सोडलेले नसते, डॉक्टरांना विचारूनही सोडलेले नसते. पहिली कळ आली की 'नवी सून कामचुकार आहे' इथून बोलणे सुरू होते. पुढे दिवस जातात तेव्हा ती आधीच खंगलेली असते. पत्रिका जुळविण्यात आपण जो वेळ घालवितो त्याच्या दशांश वेळात दोघांच्या रक्ताची तपासणी होऊ शकते. आई रुग्ण आणि बाप निर्दोष असेल तर सर्व मुले वाहक होतील, रुग्ण एकही होणार नाही. बाप वाहक असेल तर प्रत्येक खेपेस अर्धी शक्यता रुग्ण मूल होण्याची. दोघेही केवळ वाहक असले तर प्रत्येक खेपेस चारांत एक. एक मूल रुग्ण निघाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा पुष्कळांचा समज असतो, तो खोटा आहे. दर खेपेस फासा नव्याने पडतो. गर्भाला आजार आहे की नाही हे दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास वारेचा कण तपासून कळू शकते. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत ही सोय आहे. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा १९९४ चा कायदाही अशा रक्तविकारांच्या तपासणीस मज्जाव करीत नाही.

आणि समजा, ठरविलेले काही न घडता, कॅप्सूल चालू असतानाच दिवस गेले? येथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण ह्या क्षणी भीतीने जे केले जाते ते परत फिरविता येत नाही. औषध लगेच थांबवावे, तज्ज्ञाकडे जावे, आणि गर्भाच्या अवयवांची बारकाईने सोनोग्राफी करून घ्यावी. पण केवळ औषध पोटात गेले होते, ह्या एकाच कारणावरून गर्भपात करण्याची गरज नाही, हे ब्रिटिश मार्गदर्शिकेने स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. 'गोळ्या चालू होत्या ना, मग पाडूनच टाका' असा सल्ला देणारे आपल्याकडे कमी नाहीत. त्यांत शिकलेलेही असतात.

ही भीती किती प्रबळ असते, ह्याचे उदाहरण दुसऱ्या एका रक्तविकारातून देतो. हा विकार कोणत्याही गावात, कोणत्याही जातीत होतो आणि आपल्या देशात तो पुष्कळदा ऐन उमेदीच्या वयात गाठतो. तो म्हणजे दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार. २००१ पासून इमॅटिनिब नावाच्या गोळीने त्याचे रूपच पालटले. जिथे काही वर्षांचे आयुष्य उरे तिथे आता रोज गोळी घेऊन माणसे संसार करतात, आणि मग अर्थातच मुलाबाळांचा प्रश्न येतो. गोळी चालू असताना गर्भवती झालेल्या १८० स्त्रियांची माहिती २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील १२५ जणींचे पुढे काय झाले ते कळले. निम्म्यांना निरोगी बाळे झाली. बारा बाळांत व्यंगे होती, आणि त्यांतील तिघांची व्यंगे इतकी सारखी आणि विरळ प्रकारची होती, की औषधाकडे बोट दाखविणे भाग होते. म्हणजे येथे धोका खरा आहे, गर्भारपणी ही गोळी घेऊच नये. पण त्याच यादीत आणखी एक आकडा आहे : ३५ जणींनी गर्भपात करून घेतला, आणि त्यांपैकी व्यंग आढळल्यानंतर केलेले फक्त तीन होते. बाकीच्या बत्तीस गर्भपातांमागे काय काय कारणे होती ते त्या आकड्यांत लिहिलेले नाही. मला मात्र त्यांत भीतीचा वाटा मोठा दिसतो.

ह्या आजारात तोलण्याची रीत निराळी पडते. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांच्या रक्तात निदान दोन वर्षे आजाराचा मागमूस उरला नव्हता अशांनी गोळी थांबविली, तेव्हा वर्षअखेर दहांतील सुमारे चौघांचा आजार उलटला नाही. ज्यांचा उलटला त्यांतल्या बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू करताच तो आटोक्यात आला. म्हणून ज्या स्त्रीचा आजार अनेक वर्षे पूर्ण आवरलेला आहे, तिला मूल होईपर्यंत गोळीपासून सुट्टी देता येते. अर्थात दर महिन्याच्या रक्ततपासणीच्या पहाऱ्यात. गरज पडली तर वार ओलांडून गर्भाकडे न जाणारे इंटरफेरॉन देता येते. जिचा आजार कालपरवा सापडला आहे, तिला मात्र 'थोडी वर्षे थांबा' हेच सांगावे लागते, आणि ते सांगणे डॉक्टरलाही सुखाचे नसते.

सिकल सेलकडे परत येतो. औषध थांबविले म्हणजे उपचार थांबविले असे नव्हे, हे घरच्यांना आवर्जून सांगावे लागते. फोलिक आम्लाची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवस जाण्यापूर्वीपासून रोज. वैद्यांच्या सल्ल्याने बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनची छोटी गोळी, रक्तदाब चढू नये म्हणून. जंतुसंसर्गाविरुद्ध लसी आधीच टोचून घेतलेल्या असाव्यात. पाणी भरपूर प्यावे, थंडीवाऱ्यात फिरू नये, ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. रक्त भरण्याविषयी मतभेद आहेत. १९८८ साली ७२ गर्भवतींवर झालेल्या अमेरिकी पाहणीत नेमाने रक्त दिल्याने कळा कमी झाल्या, परंतु बाळांच्या प्रकृतीत फरक पडला नाही. त्यामुळे सरसकट सर्वांना रक्त न देता जिला आवश्यक तिलाच, नीट जुळवून द्यावे, हे धोरण रूढ झाले. जिचे आजारपण फार तीव्र आहे आणि जी औषधावाचून राहूच शकत नाही, तिच्यासाठी नेमाने रक्त देणे हा मधला मार्ग उरतो. आणि बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावे. पहिलेपण माहेरी करण्याचा आपला प्रघात गोड आहे, पण माहेर रक्तपेढीपासून सत्तर मैलांवर असेल तर तो ह्या खेपेस मोडावा. डोहाळजेवण माहेरी करा, प्रसूती रक्तपेढीजवळ.

बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे पुन्हा धोक्याचे असतात आणि नेमके तेव्हाच सर्वांचे लक्ष पाळण्याकडे वळलेले असते. औषध पुन्हा केव्हा सुरू करावयाचे हे प्रसूतीपूर्वीच लिहून ठेवावे. आजवर अंगावर पाजणाऱ्या आईला हे औषध देत नसत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ते दुधात फारच अल्प प्रमाणात उतरते असे आढळल्याने हा नियम सैल होण्याची चिन्हे आहेत. तूर्त प्रत्येकीने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे. बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन पहिल्याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी. बाळ टवटवीत दिसते म्हणून ती टाळू नये. वॉटसनबाईंनी १९४८ साली पाहिले तेच कारण : आजार असला तरी गर्भीय हिमोग्लोबिन त्याला पहिले काही महिने झाकून ठेवते, आणि पेनिसिलिन व लसी सुरू करण्याची वेळ नेमकी तीच असते.